गाडी घरची, फेरी कामाची

स्वतःच्या मालकीची मोटार कामासाठी वापरली, तर तिच्या खर्चाचा किती भाग करपात्र उत्पन्नातून वजा होतो, हे भारतात गाडीवरून ठरत नाही. मालकाचे उत्पन्न कोणत्या प्रकारचे आहे, त्यावरून ठरते. सांगलीतला एखादा दंतवैद्य आणि त्याच रस्त्यावरच्या बँकेचा शाखा व्यवस्थापक एकाच किमतीची गाडी घेतात, महिन्याला सारखेच पेट्रोल जाळतात. तरी दंतवैद्याला कर्जाचे व्याज, विमा, दुरुस्ती, इंधन आणि घसारा यांतला कामापुरता भाग वजा करता येतो; व्यवस्थापकाला यांपैकी एकही रक्कम स्वतःच्या विवरणपत्रात दाखवता येत नाही. दंतवैद्याचे उत्पन्न ‘धंदा किंवा व्यवसाय’ या शीर्षाखाली येते. तिथे मिळकतीतून ती मिळवण्याचा खर्च वजा होतो आणि उरलेल्या नफ्यावर कर बसतो. व्यवस्थापकाचे उत्पन्न ‘पगार’ या शीर्षाखाली येते, आणि तिथे प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब कायदा विचारतच नाही.

हे नियम 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात घडले. 1 एप्रिल 2026 पासून त्याची जागा प्राप्तिकर कायदा, 2025 ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ ही गोंधळात टाकणारी जोडी जाऊन ‘कर वर्ष’ आले; गाडीच्या खर्चामागची मूळ तत्त्वे मात्र तीच राहिली. करसल्लागारांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक असल्याने पुढील विवेचनात तेच वापरले आहेत, आणि रुपयांचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतच्या नियमांचे आहेत.

पगारदारांचा भाग आधी पाहू, कारण तो आखूड आहे. त्यांना मिळते ती प्रमाणित वजावट: जुन्या करप्रणालीत 50,000 रुपये, नव्या करप्रणालीत 75,000 रुपये. 2018 च्या अर्थसंकल्पात ही वजावट 40,000 रुपये म्हणून परत आली, तेव्हा तिच्या बदल्यात दोन जुन्या सवलती गेल्या: दरमहा 1,600 रुपयांपर्यंतचा करमुक्त प्रवासभत्ता आणि वर्षाला 15,000 रुपयांपर्यंतची वैद्यकीय खर्चाची भरपाई. घर ते कार्यालय जाण्यायेण्याचा खर्च या एका आकड्यातच धरलेला आहे. कोणी गाडीने जावो, लोकलने जावो की पायी, रक्कम तीच. गाडीच्या कर्जाचे व्याजही पगारातून वजा होत नाही. याला एकच अपवाद केला गेला, तो विजेच्या गाडीचा: 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या कर्जावरचे व्याज कलम 80ईईबीखाली वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजा करता येते, तेही जुन्या करप्रणालीतच. त्यानंतर मंजूर झालेल्या कर्जाला ही सवलत नाही.

पगारदाराला खरा दिलासा मिळतो तो नोकरी देणाऱ्यामार्फत. औषध कंपनीचा प्रतिनिधी विदर्भातल्या तालुक्यांमधून डॉक्टरांना भेटत फिरतो, बांधकाम कंपनीचा अभियंता एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जातो. हा प्रवास नोकरीचे काम म्हणूनच घडतो. त्यासाठी कंपनीने दिलेला वाहनभत्ता, त्या कामावर प्रत्यक्ष खर्च झाला असेल तेवढ्यापुरता, करमुक्त असतो, आणि नव्या करप्रणालीतही ही सूट कायम आहे. नवी प्रणाली निवडली की सगळ्याच सवलती गेल्या, या सरसकट समजुतीमुळे अनेक कर्मचारी हा भत्ता मागतच नाहीत. तो मागायला हवा.

दुसरी रीत खर्चाच्या भरपाईची. गाडी कर्मचाऱ्याची, पण तिचे इंधन आणि देखभाल यांचे पैसे कंपनी देते. प्राप्तिकर नियमांतल्या नियम 3 प्रमाणे गाडी पूर्णपणे कार्यालयीन कामासाठी वापरली गेली आणि तशी कागदपत्रे असली, तर या भरपाईवर काहीच कर नाही. वापर अर्धा कामाचा, अर्धा घरचा असेल, तर मिळालेल्या रकमेतून ठरावीक वजावट देऊन उरलेला भाग अनुलाभ म्हणून पगारात मिळवला जातो. 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला ही वजावट महिना 1,800 रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला 2,400 रुपये, आणि चालक ठेवला असेल तर आणखी 900 रुपये. हे आकडे 2009 पासून आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंत जागचे हलले नाहीत. दरम्यान मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. परिणाम असा की, लहान गाडीसाठी महिना 15,000 रुपये भरपाई घेणाऱ्या आणि कसलीही नोंद न ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारात दरमहा 13,200 रुपये, म्हणजे वर्षाला 1,58,400 रुपये मिळवले जातात. त्याच कर्मचाऱ्याने तारीख, ठिकाण, कापलेले अंतर आणि खर्च यांची वही ठेवली आणि खर्च कामापोटीच झाल्याचे प्रमाणपत्र कंपनीकडून घेतले, तर 1,800 ऐवजी कामावर झालेला प्रत्यक्ष खर्च वजा होतो. दीड लाखाचा फरक एका वहीने पडतो.

धंदा आणि व्यवसायाकडे वळले की नियमांचा पसारा वाढतो. पायाभूत नियम कलम 37 चा: खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्याच्या कामासाठी झालेला असावा, तो भांडवली नसावा आणि वैयक्तिकही नसावा. घरच्या गाडीला ही कसोटी जशीच्या तशी लावली, तर बहुतेकांचा दावा पहिल्याच पायरीवर अडेल, कारण सकाळी साइटवर गेलेली गाडी संध्याकाळी लग्नालाही जाते. ही अडचण कलम 38(2) सोडवते. इमारत, यंत्र, संयंत्र किंवा फर्निचर केवळ धंद्यासाठी वापरले जात नसेल, तर दुरुस्ती, विमा आणि घसारा यांचा रास्त प्रमाणातला भाग वजा करू द्यावा, असे ते सांगते. वाहन यात बसते. कायद्याने संयंत्रात जहाजे, वाहने, पुस्तके, वैज्ञानिक उपकरणे आणि शस्त्रक्रियेची साधने या सर्वांचा स्पष्ट समावेश केला आहे. त्यामुळे डॉक्टरची मोटार त्याच्या उपकरणांच्या आणि वकिलाची मोटार त्याच्या ग्रंथांच्या पंक्तीत बसते. इंधनाची विभागणी या कलमात नाही, ती कलम 37 मधून होते, पण व्यवहारात सगळ्या खर्चांना एकच प्रमाण लावतात. दुचाकीलाही हेच तत्त्व लागू आहे.

मान्य होणाऱ्या खर्चांत इंधन, सर्व्हिसिंग, टायर, विम्याचा हप्ता, चालकाचा पगार, पार्किंग, टोल आणि कर्जावरचे व्याज येते. हप्त्यातला मुद्दलाचा भाग येत नाही. मुद्दल ही गाडीची किंमतच असते आणि ती घसाऱ्याच्या वाटेने वजा होते. हा भेद न कळल्याने पूर्ण हप्ता खर्चात टाकण्याची चूक नव्या व्यावसायिकांच्या हिशेबात फार आढळते. वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दलचा दंड, म्हणजे ई-चलान, गाडी कितीही कामाची असली तरी वजा होत नाही. कायद्याने मना केलेल्या कृत्यावरचा खर्च धंद्याचा खर्च मानायचा नाही, असे कलम 37 खालच्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. आणि एका दिवसात एका व्यक्तीला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली, तर तो खर्च नामंजूर होतो. गॅरेजवाल्याला मोठ्या दुरुस्तीचे पैसे रोख मोजून देणाऱ्यांना हा नियम नडतो. गाडीच्या खरेदीलाही तो आहे: या मर्यादेबाहेर रोख दिलेला भाग गाडीच्या किमतीत धरलाच जात नाही, म्हणून त्यावर घसाराही मिळत नाही.

घसारा हा या सगळ्यातला सर्वांत मोठा आकडा. गाडी पाच-दहा वर्षे काम देते, म्हणून तिची किंमत एकाच वर्षी खर्चात पडत नाही. दरवर्षी तिचा ठरावीक हिस्सा झिजला असे मानून तेवढी रक्कम वजा करतात. स्वतःच्या धंद्यात वापरलेल्या मोटारीला दर 15 टक्के आहे, आणि तो मूळ किमतीवर नव्हे, तर आधीच्या वर्षी उरलेल्या किमतीवर लागतो. पूर्णपणे धंद्यात वापरलेली 10,00,000 रुपयांची गाडी पहिल्या वर्षाअखेर पुस्तकात 8,50,000 रुपयांची राहते, दुसऱ्या वर्षाअखेर 7,22,500, तिसऱ्या 6,14,125, चौथ्या 5,22,006. बाजारात गाडीची किंमत याहून वेगाने उतरते. 2019 मध्ये वाहन उद्योग मंदीत सापडला, तेव्हा सरकारने 23 ऑगस्ट 2019 ते 31 मार्च 2020 या काळात घेतलेल्या गाड्यांना दुप्पट, म्हणजे 30 टक्के दर दिला होता. एरवी 30 टक्के मिळतो तो भाड्याने गाड्या चालवणाऱ्याला, म्हणजे टॅक्सी आणि टुरिस्ट व्यवसायाला. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी अधूनमधून भाड्याला देऊन हा दर मागता येत नाही. भाड्याने चालवणे हाच धंदा असावा लागतो, आणि परमिटशिवाय तो मोटार वाहन कायद्याचाही भंग ठरतो.

विजेच्या गाड्यांना घसारा 40 टक्के आहे. अपारंपरिक ऊर्जेच्या साधनांच्या यादीत त्यांचे नाव आहे, त्यामुळे पेट्रोलच्या आणि विजेच्या समान किमतीच्या गाड्यांत पहिल्या वर्षीची वजावट अडीच पटीहून जास्त वेगळी पडते. व्यावसायिक वापराचे प्रमाण मोठे असेल आणि रोजचे अंतर बेताचे असेल, त्याने हा फरक खरेदीपूर्वी मांडून पाहणे शहाणपणाचे.

पहिल्या वर्षी आणखी एक अट आडवी येते. खरेदीच्या वर्षात गाडी 180 दिवसांपेक्षा कमी काळ धंद्यात वापरली असेल, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. उलटे मोजले, तर गाडी 3 ऑक्टोबरपर्यंत वापरात यायला हवी. महाराष्ट्रात गाडी मुहूर्तावर घरी येते, आणि इथे मुहूर्ताचा थेट पैशांशी संबंध येतो. 2024 मध्ये दसरा 12 ऑक्टोबरला होता, त्या दिवशी घेतलेल्या गाडीला त्या वर्षी निम्मा घसारा. 2025 मध्ये तो 2 ऑक्टोबरला आला, त्या गाडीला पूर्ण. दिवाळी पाडव्याची गाडी नेहमीच निम्म्यात जाते. गुढीपाडव्याची गंमत वेगळी. 2025 चा पाडवा 30 मार्चला होता. त्या दिवशी गाडी घेऊन 31 मार्चच्या आत धंद्याच्या कामासाठी ती खरोखर रस्त्यावर आणली असेल, तर दोन दिवसांच्या वापरावर त्या संपूर्ण वर्षाचा निम्मा घसारा मिळाला: दहा लाखांच्या गाडीवर 75,000 रुपये. नुसती बुकिंगची पावती किंवा शोरूममध्ये उभी गाडी चालत नाही. गाडी वापरात आलेली असावी लागते, आणि ते दाखवता यावे लागते.

घसारा ही मागायची किंवा सोडायची गोष्ट नाही. धंद्याचा वापर आहे तेवढ्यापुरता तो मोजावाच लागतो. 2002 पासून कायद्यात तसे स्पष्टीकरण आहे. यंदा नफा कमी आहे, म्हणून घसारा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू, असे करता येत नाही.

आता हे सारे एका हिशेबात बसवून पाहता येईल. नाशिकच्या एखाद्या डॉक्टरने जुलैत दहा लाखांची पेट्रोल गाडी घेतली. तो दोन रुग्णालयांत आणि रुग्णांच्या घरी जातो, आणि नोंदीवरून वापर 70 टक्के कामाचा, 30 टक्के घरचा निघतो. वर्षाचे इंधन 1,20,000, विमा 35,000, सर्व्हिसिंग व टायर 25,000 आणि कर्जाचे व्याज 70,000 धरले, तर चालू खर्च 2,50,000 रुपये. त्याचे 70 टक्के 1,75,000. घसारा 1,50,000, त्याचे 70 टक्के 1,05,000. एकूण वजावट 2,80,000 रुपये. डॉक्टर 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर 4 टक्के उपकर धरून वाचलेला कर 87,360 रुपये. अडीच लाखांचा चालू खर्च आणि दहा लाखांची गाडी यांच्यापुढे ही रक्कम ठेवली, की वजावटीचे खरे मोल कळते. वजावट म्हणजे सूट नव्हे. वजा झालेल्या प्रत्येक रुपयामागे सर्वांत वरच्या टप्प्यातही साधारण 31 पैसे वाचतात, बाकीचे 69 पैसे खिशातून जातातच. मार्च महिन्यात ‘कर वाचवायला गाडी घ्या’ असा सल्ला दिला जातो तो या हिशेबापुढे टिकत नाही. गाडीची कामाला गरज असेल तर घ्यावी, आणि मग तिची वजावट चोख घ्यावी. नव्या करप्रणालीतही धंद्याचे हे सर्वसाधारण खर्च आणि नियमित घसारा वजा होतो, हे इथेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या उदाहरणात सर्वांत नाजूक आकडा आहे तो 70 टक्क्यांचा. बिले कोणाकडेही असतात. गाडी कुठे, कशासाठी गेली याची नोंद फार थोड्यांकडे असते. नोंद नसली, की विवरणपत्र तपासणारा अधिकारी अंदाजाने पाचवा किंवा दहावा हिस्सा वैयक्तिक म्हणून कापतो. अशा सरसकट कापणीविरुद्ध अपिले होतात आणि अपिलीय न्यायाधिकरणांत तिचे प्रमाण पुष्कळदा कमीही होते, पण तोवर वर्षे जातात आणि वकिलाची फी जाते. शिवाय हिशेबाची तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकाला खर्चात धरलेल्या वैयक्तिक रकमा आपल्या अहवालात स्वतंत्रपणे दाखवाव्या लागतात, त्यामुळे प्रश्न अधिकाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच उभा राहतो. लॉगबुकात असावे ते फारसे अवघड नाही: तारीख, निघाल्याचे आणि पोचल्याचे ठिकाण, कोणाला भेटले किंवा काय काम होते, सुरुवातीचा आणि शेवटचा किलोमीटरचा आकडा. वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवला, तर एकूण अंतरावर वादच राहत नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावरही किलोमीटर लिहिलेले असतात, आणि फास्टॅगच्या तपशिलात टोलनाक्याची वेळ असते. वहीतली नोंद यांच्याशी जुळली, तर ती वही भक्कम पुरावा ठरते. वर्षाअखेर एका बैठकीत, एकाच शाईने लिहून काढलेली वही अनुभवी अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

घरातून दवाखान्यात किंवा कार्यालयात जाण्याचा रोजचा प्रवास कामाचा धरावा का, हा प्रश्न जुना आहे. 1952 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे ‘न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन’ हा खटला आला. त्यातला बॅरिस्टर लंडनच्या लिंकन्स इनमध्ये वकिली करी आणि लंडनबाहेर व्हिप्सनेडला राही. संध्याकाळी घरीही तो खटल्यांचे वाचन करत असल्याने हा प्रवास व्यवसायाचाच, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. माणूस कुठे राहतो हा त्याचा खासगी निर्णय, आणि त्यामुळे पडणारे अंतर धंद्यासाठी पडत नाही, हा त्यामागचा विचार. भारतातही याच विचाराने घर ते कामाची कायम जागा हा टप्पा वैयक्तिक बाजूला ठेवणे सुरक्षित ठरते. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात, कार्यालयातून न्यायालयात, दुकानातून घाऊक बाजारात होणारी फेरी मात्र निःसंशय कामाची.

प्रत्यक्ष खर्च जमवत बसण्याचा हा व्याप काही देशांनी दर किलोमीटरला ठरावीक रक्कम देऊन कमी केला आहे. अमेरिकेत स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला 2025 साली कामाच्या प्रत्येक मैलामागे 70 सेंट वजा करता येत होते. इंधनापासून घसाऱ्यापर्यंत सगळे त्यात धरलेले. तिथे नोकरी करणाऱ्या असंख्य मराठी मंडळींना मात्र त्याचा उपयोग नाही, कारण कर्मचाऱ्यांची ही वजावट 2018 पासून बंद झाली. जर्मनीने उलट वाट धरली आणि घर ते कार्यालय या प्रवासालाच किलोमीटरमागे वजावट दिली. भारतात असा दर नाही. तो असता, तर छोट्या व्यावसायिकाला बिलांची थप्पी सांभाळावी लागली नसती आणि अधिकाऱ्यालाही अंदाजाची कात्री चालवावी लागली नसती. नवा कायदा लिहिताना ही सोय करायला हवी होती.

त्याऐवजी छोट्यांसाठी आहे ती अनुमानित उत्पन्नाची योजना. डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद यांसारख्या व्यावसायिकाची वार्षिक जमा 50 लाखांपर्यंत, किंवा रोखीचा भाग 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांपर्यंत असली, तर कलम 44एडीएनुसार जमेचा निम्मा भाग उत्पन्न मानून कर भरता येतो. व्यापाऱ्यांसाठी कलम 44एडी आहे; तिथे उलाढालीच्या 8 टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या 6 टक्के. या वाटेने गेले की हिशेबाची वही, लॉगबुक, काहीच सक्तीचे राहत नाही. पण गाडीचा एक रुपयाही वेगळा वजा होत नाही. सगळा खर्च आणि घसारासुद्धा त्या निम्म्यात किंवा 92 टक्क्यांत दिला गेला, असे मानतात. पुस्तकातली गाडीची किंमतही दरवर्षी घसारा घेतल्यासारखीच उतरत जाते. ज्या सल्लागाराचा खर्च जमेच्या चौथ्या हिश्श्यापुरता आहे, त्याने गाडीची बिले जमवण्यात अर्थ नाही. विमा एजंटाची गोष्ट वेगळी. कमिशनवर चालणाऱ्या धंद्याला 44एडीचे दार बंद आहे, त्याला खरा हिशेब ठेवावाच लागतो, आणि फिरणे हेच त्याचे काम असल्याने गाडी हा त्याचा मोठा खर्च असतो. लॉगबुकाचा सर्वाधिक फायदा त्यालाच होतो.

गाडी कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न भागीदारी संस्थांत आणि छोट्या कंपन्यांत हमखास येतो. कर्ज चटकन मिळते, किंवा आरटीओत कर कमी बसतो, म्हणून गाडी भागीदाराच्या किंवा संचालकाच्या नावावर घेतात आणि पैसे संस्था भरते. घसाऱ्यासाठी मालकी लागते. पण 1993 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, मोटार वाहन कायद्याखालची नोंदणी ही घसाऱ्याच्या मालकीची अपरिहार्य अट नव्हे. 1999 मध्ये ‘मायसोर मिनरल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, घरांच्या संदर्भात, मालकाचे सर्व हक्क प्रत्यक्षात बजावणारा तोच घसाऱ्यापुरता मालक, असा व्यापक अर्थ लावला. पैसे संस्थेच्या खात्यातून गेलेले, गाडी संस्थेच्या ताळेबंदात आलेली आणि तसा ठराव लिहून ठेवलेला असेल, तर नाव दुसऱ्याचे असूनही दावा टिकतो. खासगी मर्यादित कंपनीच्या गाडीत वैयक्तिक वापराची कापणी कंपनीच्या हिशेबात करावी का, यावर गुजरात उच्च न्यायालयाने 2002 मध्ये ‘सयाजी आयर्न’ खटल्यात स्पष्ट उत्तर दिले: कंपनी ही कृत्रिम व्यक्ती, तिला वैयक्तिक वापर नसतो. संचालकाने गाडी घरी वापरली तर ती त्याच्या मोबदल्याचा भाग, आणि कर त्याच्या हाती बसतो.

वस्तू व सेवा कराचा परतावा मात्र बहुतेकांना मिळत नाही. चालक धरून तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनावर भरलेला कर, आणि त्याच्या विम्या-दुरुस्तीवरचाही, जमा म्हणून घेता येत नाही. गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि वाहन चालवायला शिकवणारे यांनाच सूट आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवर 18 टक्के, मोठ्या गाड्यांवर 40 टक्के आणि विजेच्या गाड्यांवर 5 टक्के असे दर झाले. परतावा नाही म्हणून हा कर गाडीच्या किमतीतच धरायचा आणि त्यावर घसारा घ्यायचा. 10 लाखांहून महाग गाडी घेताना विक्रेता 1 टक्का कर गोळा करतो. तो मात्र प्राप्तिकराचा आगाऊ भरणाच आहे, आणि विवरणपत्रात तो पूर्ण वळता होतो. पगारदारालाही तो परत मिळतो, पण पुष्कळजण तो मागायला विसरतात.

कागदपत्रे किती वर्षे ठेवावीत, याचे उत्तर व्यावसायिकांसाठी नियमात दिले आहे: संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे. गाडीच्या खरेदीची पावती त्याहून जास्त जपावी, कारण गाडी असेपर्यंत घसारा त्याच किमतीवर उभा असतो.

गाडी विकली जाते तेव्हा हिशेब पुन्हा उघडतो. निव्वळ घरच्या वापराची गाडी कायद्याच्या दृष्टीने वैयक्तिक वस्तू; ती नफ्यात विकली तरी भांडवली नफ्याचा कर नाही, आणि तोट्यात विकली तरी तो तोटा कोणत्याही उत्पन्नातून वजा होत नाही. धंद्याच्या पुस्तकातली गाडी एकटी नसते. समान दराची सगळी संयंत्रे एका गटात असतात. दंतवैद्याची मोटार त्याच्या 15 टक्के दराच्या खुर्चीसोबत आणि वातानुकूलन यंत्रासोबत एकाच गटात मोजली जाते. विक्रीची रक्कम गटाच्या शिल्लक किमतीतून वजा होते आणि उरलेल्यावर घसारा चालू राहतो. गटात दुसरे काहीच नसेल, तर शिल्लक किंमत आणि विक्रीची रक्कम यांतला फरक अल्पकालीन भांडवली नफा किंवा तोटा ठरतो, गाडी दहा वर्षे जुनी असली तरीही. तोटा झाला, तर तो पुढच्या आठ वर्षांपर्यंतच्या भांडवली नफ्यातून वळता करता येतो. मात्र त्यासाठी त्या वर्षीचे विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते.